शाळेच्या संगणकात नवी एसएसडी बसविताना घ्यावयाची दक्षता

ज्या प्राथमिक शाळांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आहे, तेथील शिक्षकांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. कळ दाबल्यापासून काम करण्याजोगा पडदा दिसेपर्यंत पाच-सहा मिनिटे निघून जातात. यू-डायसची माहिती भरावयास बसावे, तर एकेक पान उघडण्याची वाट पाहावी लागते. शेवटी संगणक निकामी झाला असे समजून त्यावर कापड घातले जाते, आणि सर्व कामे शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाइलवर येऊन पडतात. वास्तविक पुष्कळ वेळा दोष संपूर्ण संगणकाचा नसतो. त्यातील हार्ड डिस्क या एका भागाचा असतो. ती काढून तिच्या जागी एसएसडी बसविली असता तोच संगणक मिनिटाच्या आत-बाहेर कामास तयार होतो. नव्या संगणकाच्या मानाने यास येणारा खर्चही अल्प असतो.

परंतु हार्ड डिस्क म्हणजे काही दिव्याचा बल्ब नव्हे, की जुना काढला आणि नवा लावला. संगणक ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो ती, आणि शाळेने वर्षानुवर्षे जमविलेले सर्व दप्तर, हे दोन्ही त्या डिस्कवरच असते. निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या, जुन्या जनरल रजिस्टरची टिपून काढलेली पाने, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, सर्व काही. घाईने केलेल्या एका चुकीच्या निवडीमुळे हे सर्व काही मिनिटांत पुसले जाऊ शकते. म्हणून हे काम शिक्षकांनी स्वतः करावयाचे असो वा तालुक्याच्या गावातील दुकानदाराकडून करवून घ्यावयाचे असो, त्याचा क्रम आणि त्या क्रमामागील कारणे शिक्षकांस ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम या दोन साधनांतील फरक पाहू. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात, आणि त्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे या वेगाने फिरत असतात. चकतीवर एक बारीक दांडी मागे-पुढे सरकून माहिती वाचते. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि तिची साठवण सुमारे पन्नास लाख अक्षरे एवढी होती. आकार लहान झाला, साठवण लाखो पटींनी वाढली. पण चकती फिरावयाची आणि दांडी सरकावयाची, ही मूळ रीत तशीच राहिली. ७२०० फेऱ्यांची चकती एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा दांडीखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, आणि दांडी सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे ठिकठिकाणी विखुरलेली माहिती वाचावयाची असल्यास हार्ड डिस्क सेकंदाला शंभराहूनही कमी वाचने करू शकते.

एसएसडीमध्ये फिरणारा किंवा सरकणारा एकही भाग नसतो. तिच्यात फ्लॅश स्मृतीच्या चिप असतात. ही स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधून काढली. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल यांतही तीच असते. येथे कोणतीही जागा वाचण्यास मिलिसेकंदाच्या एका लहानशा अंशाइतकाच वेळ लागतो, मग ती जागा कोठेही असो. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमला हजारो लहानमोठ्या फाइली वाचाव्या लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पाच मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटात कसे होते याचा उलगडा होतो. कपाटातील रुमाल सोडून प्रत्येक कागद शोधणे आणि सर्व कागद टेबलावर पसरून ठेवलेले असणे, यांत जो फरक, तोच येथेही आहे.

नव्या एसएसडीवर ऑपरेटिंग सिस्टीम आणण्याचे मार्ग दोन. एक तर ती नव्याने स्थापित करावी, किंवा जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवावी. नव्याने स्थापना केल्यास संगणक स्वच्छ होतो, जुन्या अनावश्यक आज्ञावल्या निघून जातात, म्हणून जाणकार मंडळी बहुधा हाच मार्ग सुचवितात. खरेदीबरोबर आलेला विंडोजचा परवाना संगणकाच्या मुख्य पाटीशी, म्हणजे मदरबोर्डशी, निगडित असल्यामुळे डिस्क बदलल्याने तो सामान्यतः बुडत नाही. मात्र मराठी शाळांच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती बाहेरच्या माणसास सहसा सुचत नाही. शाळेतील जुने मराठी लेखन युनिकोडमध्ये नसून श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा जुन्या अक्षरमुद्रांत केलेले असते. त्या अक्षरमुद्रा नव्या स्थापनेत नसतात. फाइल सुखरूप असते, पण उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो, आणि सर्व दप्तर नष्ट झाले अशी समजूत होऊन घबराट उडते. नव्याने स्थापना करावयाचीच असल्यास विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यातील अक्षरमुद्रा आधी वेगळ्या काढून ठेवाव्यात. नक्कल करण्याच्या मार्गात हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून ज्या शाळेत जुने लेखन बरेच आहे तिला नक्कल अधिक सोयीची.

येथे नक्कल म्हणजे फाइली निवडून दुसरीकडे चिकटविणे नव्हे. संगणक सुरू होण्यासाठी लागणारी माहिती डिस्कच्या आरंभी, डोळ्यांस न दिसणाऱ्या लहान विभागांत ठेवलेली असते. विंडोजचा सर्व कप्पा जसाच्या तसा नव्या डिस्कवर नेऊन ठेवला तरी या विभागांवाचून संगणक सुरू व्हावयाचा नाही. हे काम करणाऱ्या वेगळ्या आज्ञावल्या असतात. काही एसएसडी उत्पादक आपल्या मालाबरोबर अशी आज्ञावली मोफत देतात. तैवानमधील एका राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेली क्लोनझिला ही आज्ञावलीही विनामूल्य आहे. मात्र तिचा पडदा साधा, सर्व मजकूर इंग्रजी, आणि तिच्यात चूक सुधारण्यास वाव कमी. सवय नसलेल्याने ती प्रथमच शाळेच्या एकमेव संगणकावर वापरून पाहू नये.

खरेदीविषयी थोडेसे. जुन्या संगणकात बहुधा साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी बसते. अलीकडच्या संगणकांत एम.२ नावाची पट्टीसारखी एसएसडी लागते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून दिसण्यात ते सारखे भासले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. म्हणून संगणकाचा नमुना क्रमांक लिहून नेऊन मगच खरेदी करावी. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे २२३ जीबी दिसते. ही दुकानदाराची लबाडी नसून मोजण्याच्या दोन पद्धतींतील फरक आहे. लबाडी असते ती नाव नसलेल्या, अविश्वसनीय स्वस्त आणि अफाट साठवणीचा दावा करणाऱ्या मालात. पावती व हमीपत्र यांशिवाय खरेदी करू नये.

आता पूर्वतयारीकडे वळू. सर्व कामात हा भाग मुख्य होय.

समजा, एका द्विशिक्षकी शाळेत ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला संगणक आहे आणि त्यातील १२० जीबी जागा भरलेली आहे. शाळेने २४० जीबीची एसएसडी आणली. नक्कल करण्यापूर्वी शाळेचे सर्व दप्तर एका तिसऱ्याच साधनावर, म्हणजे पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, उतरवून घेतले पाहिजे. नक्कल करावयाचीच आहे, मग ही वेगळी प्रत कशाला, असा प्रश्न साहजिक पडतो. उत्तर असे की, नक्कल करताना दोन्ही डिस्का एकाच वेळी, एकाच आज्ञावलीच्या हाती असतात. त्या वेळी काही बिघडले तर ते दोहोंसही बाधू शकते. तिसरी प्रत त्या खेळाच्या बाहेर असते. दप्तर केवळ ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असेल असे धरून चालू नये, बरेचसे ‘डेस्कटॉप’वर, पुष्कळसे ‘डाउनलोड्स’मध्ये आणि काही ‘डी’ विभागात आढळते. शासकीय संकेतस्थळांवर भरलेली माहिती तेथील संगणकावर असते, तिची चिंता नको. पण ती भरण्यापूर्वी तयार केलेली कच्ची पत्रके शाळेच्याच डिस्कवर असतात. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर लावून पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत आहे असे म्हणता येत नाही.

यानंतर जुन्या डिस्कची प्रकृती पाहावी. तिच्यातून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, किंवा फाइली उघडताना संगणक वारंवार अडखळत असेल, तर ती अखेरच्या अवस्थेत आहे असे समजावे. अशा डिस्कवर तपासणीच्या आज्ञावल्या पुन्हापुन्हा चालविणे म्हणजे आजाऱ्यास धावावयास लावण्यासारखे आहे. आधी महत्त्वाच्या फाइली काढून घ्याव्यात, मग बाकीचा विचार. डिस्क चांगली असल्यास अनावश्यक चित्रफिती वगैरे काढून टाकाव्यात, म्हणजे नक्कल लवकर होते.

आणखी तीन बाबी किरकोळ वाटतात, पण त्याच पुष्कळदा अडवितात. पहिली, विंडोजमधील बिटलॉकर हे कुलूप. काही संगणकांत ते आपोआप लागलेले असते. ते लागलेले असल्यास नक्कल करण्यापूर्वी तात्पुरते थांबवावे आणि त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर नव्या डिस्कने ती मागितल्यावर जगातील कोणीही मदत करू शकत नाही. दुसरी बाब अशी की, विंडोज ८ पासून पुढे ‘शट डाउन’ केले तरी संगणक पूर्णतः बंद होत नाही. काही स्थिती तो डिस्कवर राखून ठेवतो. क्लोनझिलासारख्या बाहेरून सुरू होणाऱ्या आज्ञावलीने नक्कल करावयाची असल्यास ‘शिफ्ट’ कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे, म्हणजे तो पुरता बंद होतो. तिसरी बाब विजेची. यूएसबीची जुनी, दुसऱ्या पिढीची जोडणी सेकंदाला तीसेक एमबी एवढीच माहिती वाहून नेते. त्या हिशेबाने १२० जीबीस तासाहून अधिक वेळ लागतो. तिसऱ्या पिढीच्या जोडणीने वीस-पंचवीस मिनिटांत होते. या वेळात वीज जाता कामा नये. भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे, यूपीएस असल्यास त्याची बॅटरी एवढा वेळ टिकते काय हे आधी तपासावे, आणि शक्य तर काम सुट्टीच्या दिवशी सकाळी करावे.

नवी डिस्क जुनीहून लहान असल्यास क्लोनझिला सामान्यतः नक्कल करण्याचे नाकारते. वरील उदाहरणात तसेच आहे. अशा वेळी उत्पादकाची आज्ञावली, जी बहुधा विभाग लहान करून नक्कल करू शकते, ती वापरावी; किंवा विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून जुन्या डिस्कवरील विभाग आधी आकुंचित करावा. हे दुसरे काम जुन्या डिस्कवर हात घालणारे आहे, म्हणून तिसरी प्रत हाती असल्याशिवाय करू नये. वास्तविक शाळेस परवडत असेल तर जुन्या डिस्कएवढ्याच किंवा मोठ्या साठवणीची एसएसडी घेणे अधिक बरे. वाचलेल्या पैशापेक्षा वाचलेली कटकट मोठी असते.

आता खरा धोक्याचा क्षण. आज्ञावली विचारते की, कोणत्या डिस्कवरून नक्कल करावयाची आणि कोणत्या डिस्कवर उतरवावयाची. जिच्यावर उतरवावयाची तिच्यावरील सर्व काही पुसले जाते. या दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकाम्या एसएसडीची नक्कल भरलेल्या हार्ड डिस्कवर उतरते आणि शाळेचे दप्तर नाहीसे होते. पडद्यावर ‘डिस्क ०’ व ‘डिस्क १’ अशी नावे दिसतात, पण या क्रमांकांवर विसंबू नये, कारण कोणती डिस्क कोठे जोडली यावर ते अवलंबून असतात. जोडण्यापूर्वीच दोन्ही डिस्कांचा उत्पादक, साठवण आणि छापलेला अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि पडद्यावरील माहिती त्याशी ताडून पाहावी. येथे दोघा शिक्षकांनी बसावे. निकालपत्रक तपासताना एकाने गुण वाचावेत आणि दुसऱ्याने मूळ पत्रकावर बोट ठेवावे, ही रीत शाळांत जुनीच आहे. तीच येथे पाळावी. एकाने पडद्यावरचे वाचावे, दुसऱ्याने कागदावर पाहावे, आणि दोघांचे जुळल्यावरच पुढील कळ दाबावी. दुकानदाराकडून काम करवून घेतानाही हा कागद बरोबर असावा.

नक्कल पुरी झाली म्हणजे संगणक बंद करून वीज तोडावी आणि जुनी डिस्क काढून घ्यावी. पेटीतील भागांस हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. नंतर फक्त नवी एसएसडी जोडून संगणक प्रथम सुरू करावा. दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडून तो सुरू करणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. हुबेहूब नक्कल असल्यामुळे दोन्ही डिस्कांची ओळख एकच असते. विंडोजला दोन सारख्या डिस्का दिसल्या की ती एकीस बाजूस सारते किंवा तिची ओळख बदलते, आणि मग नव्या डिस्कवरून संगणक सुरू होण्यात अडचण येऊ शकते. शिवाय दोन्ही जोडलेल्या असताना आपण जुनीवर काम करीत आहोत की नवीवर, हेही नीट कळत नाही. कित्येक दिवस काम जुन्या डिस्कवरच होत राहावे आणि नवी तशीच पडून राहावी, असेही यातून घडू शकते.

संगणक सुरू झाला नाही तर घाबरून काहीही दाबू नये. बायॉसमधील आरंभाच्या क्रमात नवी डिस्क आहे काय हे पाहावे. यूएसबीस काही लावलेले असल्यास काढावे. डिस्कची पद्धत दाखविणारी आयडीई किंवा एएचसीआय ही निवड पूर्वी होती तशीच राहू द्यावी, ती बदलल्याने जुनी विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. इतक्याने काम न झाल्यास नवी डिस्क काढून जुनी पुन्हा बसवावी. संगणक पूर्ववत सुरू होईल आणि नक्कल दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येईल. जुन्या डिस्कवर काही लिहिले गेलेले नसते, म्हणूनच असे परत फिरता येते. जीर्ण झालेले जनरल रजिस्टर नव्याने लिहून काढल्यावर जुने लगेच रद्दीत टाकणारा मुख्याध्यापक विरळा. येथेही तोच विवेक हवा.

संगणक व्यवस्थित सुरू झाला तरी जुनी डिस्क लगेच पुसून ‘डी’ विभागासाठी वापरण्याचा मोह टाळावा. शाळेची सर्व कामे रोजची नसतात. वेतन देयक महिन्यातून एकदा, पोषण आहाराचे मासिक पत्रक एकदा, यू-डायस वर्षातून एकदा. मुद्रणयंत्र चालते काय, मराठी अक्षरमुद्रा बरोबर दिसतात काय, वेतनाच्या कामास लागणारी आज्ञावली उघडते काय, हे ते ते काम आल्याखेरीज कळत नाही. म्हणून निदान एक पूर्ण महिना, आणि शक्य तर वार्षिक माहिती भरून होईपर्यंत, जुनी डिस्क जशीच्या तशी राखावी. मध्येच ती यूएसबीने जोडून पाहिली आणि संगणकाने ‘फॉरमॅट करावयाचे काय’ असे विचारले, तर उत्तर नकारार्थी द्यावे.

एसएसडी आल्यावर काही जुन्या सवयी सोडाव्या लागतात. हार्ड डिस्कवरील माहिती एकत्र लावण्यासाठी जी डीफ्रॅगची क्रिया करीत, ती एसएसडीवर करावयाची नाही. तिने लाभ होत नाही, उलट लेखन वाढून झीज होते. अलीकडील विंडोज एसएसडी ओळखून तिची योग्य ती निगा आपोआप राखते. झिजेची फार धास्तीही नको. २४० जीबीच्या साध्या एसएसडीस ऐंशी टेराबाइट लेखनाची हमी दिलेली आढळते. दिवसाला दहा जीबी लिहिले तरी त्यास जवळजवळ बावीस वर्षे लागतील. शाळेत एवढे लेखन होत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळविता येत असे. एसएसडी पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकीत असल्यामुळे तेथे ती बहुधा मिळत नाही. आणि हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा आवाज करते, एसएसडी कोणतीही सूचना न देता एके दिवशी बंद पडू शकते. तेव्हा महिन्यातून एकदा बाहेरील प्रत घेण्याचा वार ठरवून ठेवावा.

एका गैरसमजाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. विंडोज १० साठी सर्वांस मोफत मिळणाऱ्या संरक्षक सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. एसएसडी बसविल्याने संगणक वेगवान झाला, म्हणजे त्यावर विंडोज ११ चालेल, असे नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकांत तो बहुधा नसतो. अशा संगणकावर लिनक्सचा विचार करता येतो. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही त्याचीच भारतीय आवृत्ती होय. मात्र त्यावर शाळेची कोणकोणती कामे होतात हे आधी पाहून घ्यावे.

राहता राहिली जुनी डिस्क. ती संगणकासोबत जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. दुकानदाराने बदल्यात थोडी सूट देऊ केली तरी ती त्यास देऊ नये. तिच्यावर मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांच्या बँक खात्यांचे तपशील असतात. फाइली पुसल्या तरी हार्ड डिस्कवरून त्या परत काढता येतात. राखून ठेवण्याच्या मुदतीत तिला कोरड्या लिफाफ्यात घालावे, वर संगणकाचा अनुक्रमांक, नक्कल केल्याची तारीख आणि ‘पुसू नये’ असे लिहावे, आणि जनरल रजिस्टर ज्या कुलूपबंद कपाटात असते त्याच कपाटात ठेवावे. मुदत संपल्यावर आज्ञावलीच्या साहाय्याने संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहून ती कोरी करावी, तशी नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्यावी, आणि मग ती प्रत घेण्यासाठी वापरावी किंवा रीतसर निर्लेखनास पाठवावी.